ओतलेलं विरजण

बिरूआप्पा गोरड गेले त्या सकाळी हौसाबाईंनी घरातलं भरलेलं सगळं ओतून टाकलं. आयाबाया बस म्हणत होत्या, पण त्या बसल्या नाहीत. आधी रांजण, मग चुलीवरचं दूध, मग उरलेली आमटी, आणि सगळ्यात शेवटी फडताळातलं विरजणाचं गाडगं. ते त्यांनी परसात नेऊन पालथं घातलं आणि मग कुठे भिंतीला टेकून रडायला बसल्या.

गोरडांच्या घराण्याची ती रीतच होती. घरात मरण झालं की भरलेलं, शिजलेलं आणि विरजलेलं काही ठेवायचं नाही. लेक सासरी असली तरी बापाची बातमी कानावर पडली की तिनेही आपल्या घरातलं ओतायचं. पूर्वी यात कुणाचं काही बिघडत नसे. सुतक फिटलं की शेजारच्या वस्तीवरून वाटीभर विरजण आणायचं. तेही कधीकाळी याच घरातून गेलेलं असायचं. पण हे साल दोन हजार सत्तेचाळीस होतं आणि माणदेशातल्या त्या सगळ्या वस्त्यांवर आता कंपनीच्या दह्याची पाकिटं आली होती. मागायला जायचं कुणाकडे, हा विचार ओतताना हौसाबाईंच्या मनात आला नाही. येणार तरी कसा, नवरा जाऊन दोन घटका झाल्या नव्हत्या.

त्यांची सून ऋतुजा त्या वेळी माणसांना फोन करण्यात गुंतली होती. संध्याकाळी तिने फडताळ उघडलं, गाडगं नाही असं पाहिलं आणि ते मुकाट्याने बंद केलं. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली होती. नेमकं काय गेलं हे त्या घरात तिला एकटीलाच कळत होतं.

बनगरमळ्याच्या गोरडांचं चीज मेंढीच्या दुधाचं. आप्पांनी तरुणपणी एका शिबिरात चीज करायला शिकून घेतलं, पण विरजण मात्र आपल्या आईचं वापरलं. लोक हसले, मग चव घेऊन गप्प बसले. गुळासारख्या गोल ढेपा पाडायच्या, मिठाच्या पाण्याने पुसायच्या आणि जुन्या दगडखाणीच्या पोटातल्या गार खोलीत फळ्यांवर मांडून, अधूनमधून उलटत, आठनऊ महिने पिकू द्यायच्या. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका दूध घालत होत्या आणि त्या दुधावरच त्यांच्या मेंढ्या टिकून होत्या. लोकरीला कुणी विचारत नव्हतं, आणि मेंढी नुसती मटणापुरती ठेवायची तर ती वर्षभर हिंडवणार कोण?

आता थोडं शास्त्र सांगायला हवं. ताज्या चीजला चव अशी नसतेच. ती येते जिवाणूंमुळे, आणि तीही ते मेल्यावर. दूध आंबवणारे हे जीव पहिल्या दिवशी अमाप वाढतात. मग ढेपेला मीठ लागतं, गारठा लागतो आणि ते एकेक करून फुटतात. फुटले की त्यांच्या पोटातली विकरं बाहेर सांडतात आणि दुधातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या कापत सुटतात. चीजचा वास, गोडी, जिभेवर विरघळणं हे सगळं त्या कापाकापीतून येतं. जो जिवाणू फुटतच नाही, तो आपली हत्यारं पोटात घेऊन बसतो आणि ढेप वर्षानंतरही खडूसारखी कोरडी आणि कडवट लागते. कोण फुटेल आणि कोण बसून राहील, हे त्याच्या जनुकांत लिहिलेलं असतं. एकाच जातीचे दोन जिवाणू, दिसायला सारखे, पण जनुकांच्या लांबलचक पोथीत चार पानं वेगळी असली की एकाची ढेप सोनं आणि दुसऱ्याची माती.

ती पानं वाचणारं यंत्र पाचसहा वर्षांपूर्वी आलं होतं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, लोक त्याला ‘चाखणी’ म्हणत. दुधाचा थेंब टाकला की चाखणी त्यातले सगळे जिवाणू वाचून हे चीज वर्षाने कसं लागेल ते आजच सांगायची. वर्षभर वाट पाहण्याची जोखीम संपली म्हणून सगळे खूश होते. व्हायचं तेच झालं. सगळ्यांत चांगले गुण मिळवणारा एकच वाण निवडला गेला आणि राज्यातल्या सगळ्या डेऱ्या तोच वापरू लागल्या. आपण फार हुशार झालो की आपल्याला एकच गोष्ट पुरेशी वाटू लागते. मग आप्पा गेले त्याच उन्हाळ्यात जिवाणूंना खाणारा एक विषाणू आला. माणसाला त्याचा काहीच त्रास नव्हता, पण तो एकुलता एक वाण त्याने डेरीमागून डेरी साफ केला. टाक्यांमध्ये दूध तसंच राहायचं, विरजण लागायचंच नाही. हजारो लिटर दूध ओढ्यात गेलं.

गोरडांचं विरजण या साथीत टिकलं असतं, आणि तेच ऋतुजाच्या जिव्हारी लागलं होतं. त्या वाणाच्या जनुकांत फार पूर्वी असाच एक विषाणू शिरून झोपी गेला होता. आत हा झोपलेला असला की बाहेरून आलेल्या त्याच्या भाऊबंदांना थारा मिळत नसे. आणि ढेपेत मीठ चढलं की हाच जागा होऊन आपल्या यजमानाला फोडत असे. जिवंतपणी राखण करणारा आणि वेळ झाली की मारणारा एकच होता, आणि चव त्याचीच होती.

तिने त्या वाणाच्या कुप्या प्रयोगशाळेच्या शीतपेटीत ठेवलेल्या होत्या. त्या काढून वाचल्या तर त्यातल्या जिवाणूंनी तो झोपलेला पाहुणा कधीच टाकून दिला होता. काचेच्या स्वच्छ भांड्यात शत्रू नसतो, तिथे न फुटणाराच वाढतो. मग तिने खोलीतल्या जुन्या ढेपांना सळई घालून नमुने काढले. त्यांतूनही उठले ते फक्त न फुटणारे. उघडच होतं, फुटायचे ते चव देऊन गेले होते. जिवंत सापडत होते ते सगळे बिनकामाचे. वाणाची सगळी पोथी तिच्याकडे अक्षर न अक्षर होती, पण पोथीवरून जीव उभा करण्याचा परवाना मोजक्या कंपन्यांकडेच होता आणि त्यांच्या दारातली रांग लांबलचक होती. तोवर मेंढ्या बाजारात गेल्या असत्या. एक तर तिच्यादेखतच गेली होती, टेम्पोच्या फळीवर पाय रोवून.

शेवटी तिने ती पोथी दही-नकाशावर टाकून पाहिली. सरकारी आरोग्य मोहिमेत घरोघरच्या दह्याचे थेंब घेऊन, वाचून, टाकून दिले होते आणि वाचलेलं सगळं त्या नकाशावर होतं. झोपलेल्या विषाणूसकट जवळजवळ जुळणारी एकच नोंद निघाली. इचलकरंजी, दुसरा मजला, वैजयंता.

घरात हे नाव कुणी घेत नसे. वैजू ही ऋतुजाच्या नवऱ्याची, सागरची धाकटी बहीण. ऋतुजाचं लग्न व्हायच्या आधीच ती एका यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या मुलाबरोबर निघून गेली होती आणि आप्पांनी तिच्या नावाने अंघोळ केली होती. आपलं काही बरंवाईट झालं तरी तिला कळवायचं नाही, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. सागरने बापाचा शब्द पाळला. ऋतुजानेही कधी विचारलं नाही, दुसऱ्यांच्या घरातल्या जुन्या जखमेला हात लावू नये एवढं तिला कळत होतं.

तिने नोंद सासूला दाखवली. हौसाबाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “डब्यात घालून म्याच दिलं हुतं. दुसरं काय देनार हुते मी तिला?”

दोघी निघाल्या. सागर आला नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाला. विजेवरची एसटी माळातून आवाज न करता धावत होती आणि ऋतुजाच्या पिशवीत उकळून घेतलेली एक कुपी होती. तिला लागणार होता एक थेंब. घोळ एवढाच होता की त्या लेकीला बाप गेल्याचं अजून माहीत नव्हतं, आणि कळलं की ती काय करील हे दोघींनाही ठाऊक होतं.

विटा मागे पडलं तेव्हा ऋतुजाने हळूच विषय काढला. आधी विरजण मागून घेऊ आणि मग सांगू, असं तिने सुचवलं. हौसाबाईंनी नकाराची मान हलवली.

“आधी तिचा बाप. मग तुझं विरजन.”

“ती ओतून टाकंल, आत्या.”

“टाकू दे. तिचा हक हाय त्यो.”

ऋतुजा बरं म्हणाली. त्या बऱ्यामागे किती खरेपणा होता ते तिलाच माहीत. एका बाजूला तिला सासूचं म्हणणं शंभर टक्के पटत होतं. दुसऱ्या बाजूला टेम्पोतली मेंढी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

इचलकरंजीत रिक्षा इमारतीपाशी थांबली. हौसाबाईंचे गुडघे धरलेले. त्या खालच्या पायरीवर टेकल्या आणि तू वर जाऊन तिला बोलाव म्हणाल्या. ऋतुजा वर गेली. दार उघडलं त्या बाईचं कपाळ आणि नाक थेट आप्पांचं होतं. हात पिठाने भरलेले.

“मी ऋतुजा. सागरची बायको. आई खाली आहेत, जिन्यापाशी. त्यांना चढवत नाही.”

वैजूने पुढचं काही ऐकलं नाही. पिठाच्या हातांनीच ती जिन्याकडे धावली, चप्पलसुद्धा घातली नाही. दार सताड उघडं राहिलं.

ऋतुजा त्या अनोळखी घरात एकटी उभी होती. समोर स्वयंपाकघर. ओट्याच्या कोपऱ्यात, जाळीखाली, बनगरमळ्यात असायचं तसलंच काळं गाडगं. तिच्या मनात काय काय आलं असेल ते सांगत बसण्यात अर्थ नाही. माणूस अशा वेळी विचार करत नाही, हात करतात. तिने जाळी उचलली, चमच्याचं टोक बुडवलं, कुपी भरली आणि झाकण फिरवलं. झाकण बसतं न बसतं तोच जिन्यातून एक हंबरडा आला. आईचं मोकळं कपाळ आणि मोकळा गळा लेकीने पाहिला होता. कुणालाही काहीही सांगावं लागलं नव्हतं.

दोघी वर आल्या त्या एकमेकींना धरून. ऋतुजाने जाळी पुन्हा झाकून ठेवली होती आणि कुपी ब्लाउजच्या आत, अंगाच्या उबेला गेली होती. वैजूने विचारलं, कधी. हौसाबाईंनी फाल्गुन सांगितला. आता वैशाख संपत आला होता. मला का नाही कळवलं, हे तिने विचारलं नाही, कारण ते तिला ठाऊकच असणार. ती उठली. माठ मोरीत रिकामा केला, परातीतलं पीठ बाजूला काढलं, दुधाचं पातेलं उपडं केलं. गाडग्यापाशी आल्यावर मात्र ती थांबली.

“वहिनी,” ती म्हणाली, “तुम्ही नुसतं सांगायलाच आला होता ना?”

हौसाबाईच म्हणाल्या, “विरजन मागायला बी आलो हुतो. आमचं ओतलं गेलं. पन त्ये आता ऱ्हाऊ दे.”

वैजूने आईकडे पाहिलं, मग गाडग्याकडे. एवढी वर्षं तिने ते रोज जपलं होतं. गायीचं दूध, म्हशीचं दूध, पिशवीतलं दूध, जे मिळेल ते घालत राहिली होती. माहेरचं तिच्याजवळ तेवढंच होतं. आप्पांनी तिला मेलेली धरलं होतं, तेव्हा तिला सुतक नाही असं ती म्हणू शकली असती, आणि कुणी तिला नावं ठेवली नसती. तिने गाडगं मोरीत पालथं घातलं, वरून पाणी सोडलं आणि तिथेच खाली बसून बापाच्या नावाने रडली. हौसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. इतक्या वर्षांनी ती त्यांची लेक झाली होती, हे ऋतुजालाही दिसत होतं, आणि त्या वेळी तिला आपल्या छातीशी असलेल्या त्या कुपीची शिसारी आली.

परतीच्या गाडीत तिने सासूला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, पण त्या बाईशी खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. त्या रागावल्या की नाही हे कळेना. विटा येऊन गेलं, डोंगर दिसू लागले, तेव्हा त्या बोलल्या.

“तिला कळू देऊ नगंस. तिनं पुरतं ओतलंया. तिच्या मनात तसंच ऱ्हाऊ दे.”

थेंब जगला. पिशवीतल्या दुधावर राहून तो थोडा रोडावला होता. मेंढीच्या दुधातली प्रथिनं तोडायची सवय त्याची निम्मी सुटली होती. पण शीतपेटीतल्या त्याच्या भावंडांकडे ती जनुकं शाबूत होती. ऋतुजाने दोघांना एका गाडग्यात घातलं. जिवाणू एकमेकांना असली पानं उसनी देतात, फक्त एकत्र नांदावं लागतं. आषाढ लागायच्या आत चाखणीने सांगितलं की पोथी पुरी जुळली. वस्त्यांवर वाटीवाटीने विरजण गेलं. साथ राज्यभर चालू होती आणि बनगरमळ्याचं दूध लागत होतं. टेम्पो पुन्हा आला नाही. लोक ऋतुजाला धन्य म्हणत, आणि ती विषय बदलत असे.

वर्षश्राद्धाला वैजू आली. नवऱ्याला घेऊन, उजळ माथ्याने, पुढच्या दाराने. सागरने स्वतः जाऊन तिची पिशवी घेतली. दोघं भावंडं खाणीकडे जाऊन आली, ढेपा बघून आली, आणि बाप कसा ओरडायचा त्याच्या नकला करत हसली देखील. जेवणं झाल्यावर मोजकी घरची माणसं ओसरीवर बसली, तेव्हा सागरने कौतुकाने नवी ढेप फोडली. ऋतुजाने त्याला खुणावलं, पण तो आपल्याच नादात होता. थेंब वैजूच्या नकळत आला हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वैजूने तुकडा तोंडात टाकला. चावायची थांबली. चाखणीने हजार पानं वाचून जे सांगितलं असतं, ते तिच्या जिभेला एका क्षणात कळलं. त्याच विरजणाच्या दह्यावर ती इतकी वर्षं जेवली होती आणि या ढेपेवर लहानाची मोठी झाली होती.

“हे कुठून आणलं?” तिने विचारलं.

“कंपनीचं नवं हाय,” हौसाबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, आवाजच फुटला.

वैजूने आईकडे पाहिलंच नाही. ती ऋतुजाकडे बघत होती. “मी जिन्यात होते तेव्हा?”

ऋतुजाने होकाराची मान हलवली. काही तरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, “एकच थेंब घेतला. तुमचं ओतणं खोटं पडावं म्हणून नाही. इथल्या बायकांच्या मेंढ्या...” सागर एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. वैजूचा नवरा उठून अंगणात गेला.

वैजू रागावली नव्हती. रागावली असती तर बरं, असं ऋतुजाला वाटलं. ती शांतपणे तोंडातला घास गिळत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“थेंबाचं काही नाही, वहिनी. घेतला तर घेतला,” ती म्हणाली. “मला एक सांग, आई. तुमचं विरजण जागच्या जागी असतं, तर आप्पा गेल्याचं मला कळवलं असतंस?”

सागरने मान खाली घातली. हौसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. लेकीसमोर दुसऱ्यांदा खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

“न्हाय,” त्या म्हणाल्या.

वैजूने मान डोलावली, जणू हिशेब तिला आधीच माहीत होता. मग ती आईच्या अगदी जवळ सरकली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

“मग बरं झालं, तू ते ओतलंस,” ती म्हणाली.